घाऱ्या बैलाचा माग काढत इंदूरला

आमच्या गल्लीत पोळ्याला एक गोंडा रिकाम्या खुंट्याला बांधतात. खुंटा माझ्या भाऊबंदाचा, सोपानचा. त्याचे बैल रंगवून, झूल घालून, शिंगांना बेगड लावून झालं की तो एक जादा गोंडा हातात घेतो, जिथे बैल नाही अशा खुंट्याला बांधतो आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "हा आमच्या घाऱ्याचा." त्याचा बापही हेच करायचा. सुरुवात त्याच्या आजीने केली.

हा घाऱ्या मी पाहिलेला नाही, सोपाननेही नाही. पण त्याच्या नावाने टोमणे खात मी पन्नाशीला आलो. माझा आजा रखमा आणि सोपानचा आजा धोंडी हे सख्खे भाऊ. दोघांकडे एकेक बैल, दोन्ही मिळून एक जोड. संगमनेरकडे लागोपाठ दोन वर्षं पाऊस बुडाला तेव्हा दोघे जोड घेऊन माळव्यात शेतमजुरीला गेले. सहा-सात महिन्यांनी धोंडी एकटाच पायी परत आला, तोही आजारी होऊन. घरात आला आणि दुसऱ्या दिवशी पटकीने गेला. बैलाचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "घाऱ्या रखमाकडं हाय." पुढच्या दिवाळीनंतर माझा आजा आला, तो रिकाम्या हाताने. बैल कुठे, म्हणून भावजयीने विचारलं. "मेला," म्हणाला. त्यापुढे मरेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मग लोकांनीच गोष्ट पुरी केली: रखमाने आजारी भावाला हाकललं आणि त्याचा बैल विकून खाल्ला.

मी घोंगड्यांचा व्यापारी आहे. खांद्यावर चार घोंगड्या टाकून गावोगाव हिंडण्यापासून सुरुवात केली, आज बाजारपेठेत माझं दुकान आहे, आणि ते कुणाच्या उपकाराने झालेलं नाही. पण दर पोळ्याला माझी किंमत त्या रिकाम्या खुंट्यावर ठरते. यंदा माझे होणारे व्याही ओसरीवर बसलेले असताना सोपानने तो गोंडा बांधला. मी उठलो, खुंटा उपटला आणि त्याच्या अंगणात भिरकावला. त्याने रंगाची बादली माझ्या धोतरावर ओतली. लोकांनी धरलं नसतं तर पुढचं पोलिसांनी लिहिलं असतं.

"खोटं असंल तर कागद दाखव!" सोपान ओरडला.

"दाखवतो! इंदूरला जाऊन आणतो!"

बोलून गेलो आणि मग विचार करत बसलो. आजा इंदूरजवळ 'बेटम्याच्या इनामदाराकडे' होता एवढंच घरात माहीत होतं. त्या पत्त्यावर पत्र टाकलं. महिन्याने कार्ड आलं: होळकरांचं राज्य जाऊन आता मध्य भारत झालं आहे, इनाम सरकारजमा झालं आहे, शेतीचं जुनं दप्तर आमच्या दप्तरदारांकडे इंदुरात बडा गणपतीजवळ पडून आहे, पाहिजे तर पाहा. मी बारा घोंगड्यांचा गठ्ठा बांधला, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च तरी सुटेल, आणि पौषात निघालो.

बडा गणपती

खांडव्यापासून इंदूरची गाडी लहान रुळांची आहे. नर्मदा ओलांडताना डब्यातल्या बाया पैसे टाकून हात जोडतात. मीही जोडले, पैसे टाकले नाहीत. पुढे घाट चढला की थंडी बदलते आणि जमीनही. खिडकीतून दिसते ती काळी, सपाट, लोण्यासारखी जमीन आणि तिच्यावर गुडघाभर हिरवा गहू. आमच्या माळावर कुसळं पाहून वाढलेल्या माणसाला ती जमीन पाहून आधी आनंद होत नाही, राग येतो.

स्टेशनाबाहेर टांगेवाल्याशी माझी चांगली पाव तास घासाघीस झाली. त्याने जे मागितलं त्याच्या निम्म्यावर मी त्याला आणला. अर्ध्या वाटेवर एका पाणपोईशी त्याने टांगा थांबवला आणि माझा गठ्ठा अदबीने खाली ठेवला.

"हे काय? गणपती कुठे आहे?"

"आधा भाडा, आधा रस्ता, भिया," तो म्हणाला, आणि हसत हसत निघून गेला. मी त्याच्या मागे धावलो, शिव्या दिल्या. मग गठ्ठा डोक्यावर घेऊन चालू लागलो आणि चालता चालता मला त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला. तो आमच्या बाजारात असता तर मी त्याला भागीदार केलं असतं.

बडा गणपती नावाप्रमाणेच मोठा आहे. आपल्याकडचे गणपती पाटावर बसतात. याला शेंदराचा चोळा चढवायचा तर माणसांना वर चढून काम करावं लागतं. दर्शन घेतलं आणि मागच्या गल्लीत दप्तरदारांचं घर विचारत गेलो.

त्यांना सगळे पंत म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंद गळ्याचा कोट, घरातसुद्धा डोक्यावर काळी टोपी. पाच पिढ्यांपासून त्यांचं घर इंदुरात आहे, आणि इनामदारांच्या शेतीचं दप्तर तीन पिढ्या त्यांनीच लिहिलं. मुलगा सरकारी नोकरीत उज्जैनला, घरी पंत आणि शाळेत शिकवणारी सून, सुमनताई.

मी बसायच्या आधीच म्हणालो, "पंत, कामाचं आधी बोलून घेऊ. दप्तर दाखवायचं काय घेणार?"

पंतांनी चष्मा वर केला. "सुमन, हे भाव करायला आलेत. पहिले पोहे दे बरं यांना."

पोह्यांत बडीशेप होती. साखर होती. वर शेव होती, आणि शेजारी जिलबी. मी एक घास घेतला आणि ताटलीकडे पाहत राहिलो.

"काका, इकडे असेच बनतात," सुमनताई म्हणाल्या. "मिर्ची पाहिजे तर साइडने देते. पण एकदा खाऊन तर पाहा ना."

खाऊन पाहिले. दुसरी ताटली मागताना मी मिरचीचं नाव काढलं नाही.

पंतांची फी मला जेवताना कळली. ते पैसे घेणार नव्हते. त्यांना मी 'देशावरचा' माणूस म्हणून हवा होतो. "आमचं मूळ गाव चिखली," ते म्हणाले. "आजोबा सांगायचे. तुम्ही तर गावोगाव हिंडलेले. कोणती चिखली असेल ही?"

"पंत, चिखली नावाची सात गावं मला एकट्याला माहीत आहेत."

"अरे बाप रे! सात?" त्यांनी कागद ओढला. "सांगा एक-एक."

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. नदी कोणती, देवी कुठली, बाजार कधी. माझ्या मनात आलं, मी याच्याकडे माझा आजा शोधायला आलो आणि हा माझ्याकडे त्याचा शोधतो आहे. फरक इतकाच की त्याचा आजा लिहायचा आणि माझा लिहिला जायचा.

गाठोडी

दुसऱ्या दिवशी पंतांनी माळ्यावरून लाल फडक्यातली सात गाठोडी काढली. मला शाळेत शिकलेली मोडी अजून वाचता येते, त्यामुळे मी तोऱ्यात होतो. "तुम्ही फक्त गाठी सोडा," मी म्हणालो. "शोधतो मी."

"पाहा ना," पंत म्हणाले आणि खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले.

सकाळपासून दुपारपर्यंत मी पानं उलटली. रखमा नाही, धोंडी नाही. संगमनेर नाही. पानोपानी हिरा-मोत्या, लाल्या-भुऱ्या, चंद्या-राणा, आणि त्यांच्याखाली वैरण किती, सरकी किती, कोणत्या शेतात, किती फाळ झिजला. मधूनमधून बारीक अक्षरात माणसांची नावं, तीही मालवी. माझी मान धरली, डोळ्यांत धूळ गेली, आणि डोकं तापलं.

"पंत, हे गुरांचं दप्तर आहे! मजुरांचं कुठे ठेवलंत?"

"हेच आहे."

"म्हणजे मजुरांचं पान तुम्ही दडवताय. इनामदाराची अब्रू जाईल म्हणून. मला काय दुधखुळा समजता?"

सुमनताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काका, झगडा नका करू हो, सासऱ्यांचं ब्लडप्रेशर वाढतं."

पंतांचं काही वाढलं नव्हतं. ते गालात हसत होते. सकाळपासून त्यांनी माझी मजा पाहिली होती. "तुम्ही म्हणालात, फक्त गाठी सोडा. सोडल्या. आता विचारता तर सांगतो. तुमच्याकडे सालदार पाडव्याला ठेवतात ना? इकडे आखातीजेला. अक्षय्य तृतीयेला माणूस येतो, पुढच्या आखातीजेला साल भरलं की जातो. दरसाल नवं नाव. पण बैल? एक जोड आठ-दहा वर्षं चालते. तिची वैरण, तिचं शेत, तिची नाल, सगळं रोज लिहायचं. म्हणून पान असायचं जोडीच्या नावाचं. तिच्यामागे जो औत धरील त्याचं नाव तिच्याखाली."

"माणूस बैलाखाली?"

"हो. माणसाच्या नावाने शोधाल तर जन्मभर सापडणार नाही. बैलाचं नाव माहीत आहे का तुम्हाला?"

बैलाचं नाव! मला आजीचं नाव आठवायला विचार करावा लागतो, पण त्या बैलाचं नाव झोपेत विचारा. "घाऱ्या," मी म्हणालो. "आणि आमचा पाखऱ्या."

पंतांनी तिसरं गाठोडं ओढलं. त्यांची बोटं पानांवरून अशी चालली की माझ्या दुकानातला मुनीमही इतका सराईत नसेल. थोड्या वेळाने ती थांबली.

"बसा," पंत म्हणाले. मी बसलेलाच होतो.

त्यांनी वाचलं. जोड घाऱ्या-पाखऱ्या, बाहेरची, देशावरून आलेली. पाखऱ्या रखमाचा, घाऱ्या धोंडीचा. दोघे सख्खे भाऊ, तर्फ संगमनेर. आळीपाळीने औत. मी मांडीवर थाप मारली. घाऱ्या धोंडीचाच म्हणून लिहिला होता! आजाने तो स्वतःचा म्हणून सांगितला नव्हता!

पुढे कार्तिकातली नोंद होती. गव्हाचा पेरा चालू. गावचा माणूस वाटेने जाताना सांगून गेला की रखमाची बायको बाळंतपणात अत्यवस्थ आहे. रखमा हिवतापाने पडलेला, त्याला चालवत नाही. धोंडी म्हणतो, भावाच्या बदली मी जातो. साल पुरं झालेलं नाही, सबब धोंडी आपला बैल घाऱ्या आपखुशीने मागे ठेवून जातो. रखमाने बरं होताच दोघांचं काम करावं, आखातीजेनंतर धोंडीचे राहिलेले महिने भरून द्यावे आणि मग बैल न्यावा.

मग श्रावणातली एक ओळ. घाऱ्या गुरांच्या साथीत, बुळकांडीने मेला. चार दिवसांनी पाखऱ्या. आणि आश्विनाच्या शेवटी: रखमाने भावाचे महिने भरून दिले. गेला.

बाहेर भाजीवाला मटार ओरडत होता.

मी कागद मागण्यासाठी इतका लांब आलो होतो, आणि कागद सापडला होता. आजाने बैल विकला नव्हता, भावाला हाकललं नव्हतं. पण मला आनंदाने उडी मारता येईना. ज्या बाळंतपणासाठी धोंडी निघाला, त्यात माझी आजी तो पोचायच्या आधीच गेली होती. पोर वाचलं होतं. ते पोर म्हणजे माझा बाप. आणि धोंडीला पटकी लागली ती त्या वाटेवर.

"मग तो म्हातारा बोलला का नाही?" मी भडकलोच. "एक वाक्य! एका वाक्याचं काम होतं!"

"कुणाला बोलणार काका?" सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "समोर ती विधवा. तिला काय सांगायचं, तुझा नवरा माझ्या बायकोसाठी निघाला होता म्हणून मेला? त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं असेल."

माझ्या हातात चहाचा कप कुणी दिला ते मला आठवत नाही.

एका वाक्याची घासाघीस

चहा संपेपर्यंत मात्र मी पुन्हा व्यापारी झालो होतो. माझ्याच्याने राहवत नाही. मी हिशोब मांडला: सोपानपुढे काय ठेवायचं आणि काय नाही.

"पंत, याची बाळबोध लिपीत नक्कल करून द्या. खाली सही, शिक्का."

"शिक्का राज्याबरोबर गेला. माझी सही चालेल."

"चालेल. फक्त एक करा. धोंडीने बैल आपखुशीने मागे ठेवला, हे लिहा. बैल बुळकांडीने मेला, हे लिहा. ते बाळंतपणाचं वाक्य गाळा."

"का बरं?"

"त्याची गरज नाही. लांबण लागते."

पंतांनी चष्मा काढला. "तुमच्या भाऊबंदाचा आजोबा का गेला ते त्याला कळायला नको?"

"अहो, ते वाक्य वाचलं की उद्यापासून टोमणा बदलेल फक्त! आज म्हणतात बैल खाल्ला. उद्या म्हणतील माणूस खाल्ला!"

"नक्कल पूर्ण होईल, नाही तर होणार नाही."

मी दोन घोंगड्या पुढे केल्या. पंतांनी मान हलवली. मी चार केल्या. मग मी त्यांच्या चिखलीला स्वतः जाऊन चौकशी करून पत्र टाकीन असं कबूल केलं. तेव्हा त्यांचा चेहरा क्षणभर हलला खरा, पण तेवढाच. "तीन पिढ्या लिहिलं," ते म्हणाले, "खाडाखोड नाही केली कधी. आता पेन्शनीत करू काय?"

मी गठ्ठा उचलला. "ठेवा तुमचं दप्तर. उंदीर वाचतील," असं म्हणून निघालो. जिना उतरताना सुमनताईंचा आवाज आला, "काका, संध्याकाळी गराडू तळणार आहे, या हं!" एवढं भांडून मी घर सोडतो आहे आणि ही बाई मला जेवायला बोलावते आहे. इंदूरच्या माणसांशी नीट भांडताही येत नाही.

(मी संध्याकाळी गेलो. गराडू म्हणजे एक कंद. चौकोनी फोडी तळून वर मसाला आणि लिंबू. पंत आणि मी एकमेकांशी बोललो नाही, पण शेवटची फोड त्यांनी माझ्याकडे सरकवली.)

बेटमा

धारच्या रस्त्यावरची मोटार सकाळी बेटम्याला सोडते. तिथून इनामदारांची जुनी शेती पायी दोन कोस. मला काय पाहायचं होतं कोण जाणे. बहुतेक पंतांपासून लांब जायचं होतं.

दुतर्फा गहू, हरभरा. बांधावर एक म्हातारा हिरव्या हरभऱ्याचे डहाळे जाळून होळा करत बसला होता. नाव नंदराम. जन्मभर इनामदारांकडे हाळी, म्हणजे औत धरणारा सालदार, आणि त्याचा बापही. मी संगमनेरहून आलो म्हटल्यावर त्याने ओंजळभर गरम हरभरे माझ्या हातात ओतले. मी भाजलो, पण सोडले नाहीत.

मी त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, गव्हाच्या पेऱ्याला एका जोडीमागे माणसं किती लागतात?

"दो," तो म्हणाला. "एक बैल हाके, एक बीज गेरे."

"आणि एकटा असेल तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उठला. कमरेचा दोर सोडला, बैलांचा कासरा बांधावा तसा स्वतःच्या कमरेभोवती आवळला, डाव्या हाताने नसलेल्या पाभरीचं रुमणं धरलं आणि उजव्या हाताने पोटाशी नसलेल्या झोळीतून नसलेलं बी सोडत दहा पावलं चालला. बैलाने हिसका दिला की कमरेला बसतो, तो हिसकाही त्याने दाखवला. कळवळून दाखवला. मग दोघेही हसलो.

"एकलो आदमी करे तो कमर टूटी जाय, दादा," तो म्हणाला. "पण करे. कई करे?"

मी त्या शेताकडे पाहिलं. दुसरं टोक दिसत नव्हतं. हिवतापातून उठलेला माझा आजा कमरेला कासरा बांधून यात फिरला होता. त्याला वाटत होतं, भाऊ घरी पोचला असेल, बायको बरी असेल, आणि आपण हे भरून दिलं की त्याचा बैल त्याला परत नेता येईल. श्रावणात तो बैल मेला. तरी आश्विनापर्यंत थांबून त्याने महिने भरले. कशासाठी? बैल नव्हताच आता न्यायला. कबूल केलं होतं म्हणून.

आणि मी एका वाक्यासाठी चार घोंगड्या देऊ करत होतो.

नंदरामला एक घोंगडी दिली. किंमत त्याने विचारली नाही आणि मी सांगितली नाही. इंदुरात ती कुणी विकतही घेत नव्हतं. तिकडे सगळे रजया पांघरतात.

परत येताना बेटम्याचा बाजार भरला होता. गुरांच्या बाजूला गेलो तेव्हा माझा काही विचार नव्हता, हे शपथेवर सांगतो. पण एक बैल होता. पांढरा, भरल्या खांद्याचा, मालवी. मी एकदा पुढून पाहिला, एकदा मागून, आणि माझं रक्त जागं झालं.

तिकडेही आपल्यासारखंच आहे. सौदा तोंडाने होत नाही, रुमालाखाली बोटं धरून होतो. विकणारा पगडीवाला, मिशा पिळलेला. मी एक बोट धरलं, त्याने हात झटकला. मी उठून गेलो, त्याने हाक मारली. तो उठून गेला, मी हाक मारली. दुपार कलली. शेवटी माझ्या बोटांवर त्याने मान हलवली आणि म्हणाला, "सेठ, तुम आदमी नहीं, जोंक हो." जोंक म्हणजे जळू. माझ्या आयुष्यात मिळालेलं हे सर्वांत खरं प्रशस्तिपत्र आहे.

पंतांच्या दारात

बैल मोटारीत बसत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मी तो इंदूरपर्यंत चालवत आणला. पायाला फोड आले, आणि वाटेत त्याने एका हलवायाच्या दुकानापुढे शेण टाकलं म्हणून मला भांडावं लागलं. दुपारी बडा गणपतीच्या गल्लीत आलो तर सगळी पोरंबाळं आमच्यामागे. पंत गॅलरीत आले.

"हे काय आणलंत?"

"बैल आहे, पंत! खाली या आणि लिहा. सगळं लिहा. बाळंतपणाच्या वाक्यासकट."

सुमनताईंनी गूळ आणून बैलाच्या तोंडाशी धरला. "काका, हा किती सुंदर आहे हो! नाव काय ठेवलं?"

"ते ज्याचा आहे तो ठेवील."

पंतांनी नक्कल लिहायला दोन तास घेतले. मोत्यासारखं अक्षर. सहीच्या खाली, न विचारता, त्यांनी माझ्या सात चिखल्यांची यादी दुसऱ्या कागदावर उतरवून माझ्या हातात दिली. "ही मीच दिली होती तुम्हाला," मी म्हणालो.

"हो. पण आता तुम्ही जाल ना तिकडे. टिक लावत जा."

मी कबूल झालो. चार घोंगड्या त्यांच्या खुर्चीवर टाकून निघालो आणि ते काही म्हणायच्या आत जिना उतरलो.

घरी

बैलाला मालगाडीच्या डब्यातून आणलं. मीही त्याच्याबरोबर बसलो. डब्यात थंडी इतकी होती की उरलेल्या सात घोंगड्यांपैकी चार त्याच्या अंगावर होत्या आणि तीन माझ्या. याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही. तो झोपला, मी नाही.

गावात शिरलो तेव्हा सगळी गल्ली बाहेर. मला जाताना वाटलं होतं, पंचांना बोलवीन, कागद मोठ्याने वाचीन, सोपानची मान खाली गेलेली पाहीन. तसं काही केलं नाही. बैल त्याच्या अंगणात नेला, कासरा त्याच्या हातात दिला आणि कागद दुसऱ्या हातात.

सोपानला वाचायला वेळ लागतो. ओठ हलवत त्याने वाचलं. बाळंतपणाच्या वाक्याशी तो थांबला, मागे गेला, पुन्हा वाचलं. मी उभा होतो. टोमण्याची वाट पाहत होतो.

"आपखुशीनं," तो म्हणाला. "म्हंजी आजानं सोताच ठेवला."

"हो."

"आन तुझा आजा थांबला. बैल मेल्यावर बी."

"हो."

त्याने कागदाची नीट घडी केली आणि मुंडाशात खोचली. नाक पुसलं. मग बैलाकडे वळला, त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि सरावाने त्याचा खालचा ओठ खाली ओढून दात पाहिले.

"किती दाती म्हणून घेतलास?"

"चार."

"चार? अरं, जुळलाय हा! आठ पुरं हायेत, तू म्हणतोस त्याच्याहून वयानं मोठा हाय. तुला फसवलं."

"काय बोलतोस? मी स्वतः पाहिलेत!"

"तू घोंगड्या बघ. बैलाचं तुला काय कळतंय?"

माझा आवाज चढला, त्याचा चढला. त्याची बायको बाहेर आली, माझी बायको आली. मी बैलाचा जबडा धरून दात मोजू लागलो, त्याने माझा हात बाजूला सारून पुन्हा मोजले. जेवणं थंड झाली. आणि आमच्या दोन घरांत पहिल्यांदाच, समोर उभ्या असलेल्या बैलावरून भांडण झालं.